मानसोपचारातील कौशल्यवर्ग : प्रवेश घ्यावा काय?

एका स्त्रीची कल्पना करू या. वय सव्वीस-सत्तावीस, शिक्षण चांगले, कामाला हुशार. दोन वर्षांत तिने तीन नोकऱ्या सोडल्या आहेत आणि तिन्ही वेळा कारण एकच : कोणी तोडून बोलले, किंवा बोललेच नाही, आणि संतापाच्या भरात तिने राजीनामा लिहून दिला. संध्याकाळी पश्चात्ताप, रात्री स्वतःविषयी पराकाष्ठेचा तिरस्कार, आणि कधीकधी त्या तिरस्कारातून स्वतःलाच इजा करून घेणे. ती डॉक्टरांकडे जाऊ लागते. चार-पाच भेटींनंतर डॉक्टर म्हणतात, "आमच्याकडे दर बुधवारी एक कौशल्यवर्ग भरतो. आपण त्यात यावे असे मला वाटते." घरी ही गोष्ट सांगताच आई म्हणते, "अगं, घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं?" आणि खरे पाहता मुलीलाही मनातून तसेच वाटत असते.

हा प्रसंग आता आपल्या मोठ्या शहरांतून पुष्कळांवर येऊ लागला आहे. जावे की न जावे, याचे उत्तर देण्यापूर्वी त्या वर्गात चालते काय, हे समजून घेणे अवश्य आहे. कारण होकार देणारे व नकार देणारे असे दोघेही बहुधा भलत्याच गोष्टीला होकार किंवा नकार देत असतात. 'गट' हा शब्द ऐकताच डोळ्यांपुढे चित्र उभे राहते ते वर्तुळाकार मांडलेल्या खुर्च्यांचे, आळीपाळीने आपले दुःख सांगणाऱ्या आणि मधूनच डोळे पुसणाऱ्या माणसांचे. असे गट असतात व त्यांचाही उपयोग आहे. परंतु कौशल्यवर्ग हा त्या जातीचा नाही. तेथे फळा असतो, छापील पाने असतात, गृहपाठ असतो आणि तो तपासलाही जातो. पहिल्या दिवशी जाणाऱ्याला शाळेची आठवण व्हावी, असेच त्याचे रूप असते.

रोग्यांना वर्गात बसवून शिकविण्याची ही कल्पना मूळची क्षयरोगाच्या उपचारातली आहे. १९०५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात क्षयाच्या गरीब रोग्यांचा एक साप्ताहिक वर्ग सुरू केला. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार एवढाच उपाय, आणि आरोग्यधामाचा खर्च या लोकांना झेपण्याजोगा नव्हता. तेव्हा घरीच राहून हे उपाय कसे पाळावेत, ते शिकविण्याचे प्रॅट यांनी ठरविले. प्रत्येक रोग्याजवळ एक वही असे. तीत तो आपल्या दिनक्रमाची रोज नोंद करी आणि आठवड्याच्या बैठकीत ती वही तपासली जाई. हळूहळू प्रॅट यांच्या असे ध्यानात आले की, शेजाऱ्याचे वाढलेले वजन पाहून रोग्याला जो धीर येतो, तो डॉक्टरांच्या उपदेशाने येत नाही. वही, तपासणी आणि शेजारी बसलेला सहाध्यायी, या तीन गोष्टी आजच्या कौशल्यवर्गातही आहेत.

आजच्या वर्गाचे सर्वांत प्रसिद्ध रूप अमेरिकेतील सिॲटल येथे, वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झाले. मार्शा लिनेहन या मानसशास्त्रज्ञ वारंवार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांवर उपचार करीत होत्या. त्यांतील बहुतेकींना 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' हा विकार होता. या विकारात भावना क्षणात भडकतात, लवकर शमत नाहीत, आणि माणसांशी असलेले संबंध सारखे तुटतात व जुळतात. लिनेहन यांना अनुभव आला तो चमत्कारिक होता. 'तुम्ही बदलले पाहिजे' असे म्हणताच रोगी दुखावत : सारा दोष माझाच, असा त्यांचा ग्रह होई. उलट, नुसते समजून घेतले तर दुःख जिथल्या तिथे राही. तेव्हा आहे ती स्थिती मान्य करणे आणि ती बदलणे, या दोन्ही विरुद्ध गोष्टी एकाच वेळी हाती धरल्या पाहिजेत, असे त्यांनी ठरविले. म्हणून या पद्धतीचे नाव पडले 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी'. मराठीत तिला द्वंद्वात्मक वर्तनोपचार म्हणता येईल. तिच्या पहिल्या पद्धतशीर चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले व १९९३ मध्ये तिचे ग्रंथ आले. पुढे २०११ साली लिनेहन यांनी जाहीरपणे सांगितले की, १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या स्वतःच अशा विकाराने मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या व दोन वर्षांहून अधिक काळ तेथे होत्या.

वर्ग निराळा का करावा लागला, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. रोगी एकट्याने भेटीस आला की त्या आठवड्यात जे घर पेटले असेल ते विझविण्यातच तास संपे, आणि शिकवावयाचे राहून जाई. म्हणून संकटांची चर्चा खाजगी भेटीत व शिक्षण वर्गात, अशी वाटणी झाली. पूर्ण पद्धतीत चार अंगे असतात : आठवड्याची खाजगी भेट, आठवड्याचा वर्ग, अडचणीच्या क्षणी उपचारकाला फोन करून 'आता कोणते कौशल्य वापरू?' असे विचारण्याची सोय, आणि उपचारकांची आपसांतील सल्लामसलतीची बैठक. प्रवेशाचा निर्णय करताना ही चार अंगे लक्षात ठेवावीत. त्यांतील कोणती आपणास मिळणार आहेत, यावर बरेच अवलंबून असते.

वर्ग साधारणतः दोन ते अडीच तासांचा असतो. शिकविणारे दोघे असतात. एक जण पाठ चालवितो, दुसरा कोणाचे लक्ष उडाले, कोणाचा चेहरा उतरला, तिकडे पाहतो. पूर्वार्धात मागील आठवड्याचा गृहपाठ, उत्तरार्धात नवा पाठ. विषय चार आहेत : सजगता, तणावसहन, भावनानियमन आणि माणसांशी वागण्याची रीत. सगळा क्रम चोवीस आठवड्यांत पुरा होतो आणि पुष्कळ ठिकाणी तो पुन्हा एकदा गिरविला जातो, म्हणजे एकूण वर्षभर.

सजगतेचे नाव ऐकून आपल्याकडील वाचक हसेल; ज्या देशात बुद्धाने ध्यान शिकविले तेथे हे सिॲटलहून यावे काय? लिनेहन यांनी झेन पंथाच्या गुरूंकडे साधना केली होती, तेव्हा वंशावळ शेवटी आपल्याकडेच येते हे खरे. परंतु वर्गातील अभ्यास फार लहान व फार धीट असतो. मोक्षाची भाषा तेथे नाही. 'माझी छाती धडधडते आहे' हे पाहणे, 'ती माझा अपमान करीत आहे' हा आपला तर्क आहे हे ओळखणे, आणि या दोहोंतील भेद शब्दांत मांडता येणे, एवढेच. हे ज्याला घरच्या ध्यानधारणेने आधीच येते त्याने खुशाल पुढच्या पाठाकडे जावे. अनुभव मात्र असा आहे की बहुतेकांना ते येत नाही.

'तणावसहन' या शब्दाबद्दल मला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण आपल्या घरांतून 'सहन कर' हे वाक्य मुलींनी जन्मभर ऐकलेले असते. वर्गातील सहनाचा त्या सहनाशी संबंध नाही. येथे प्रश्न एका तासाचा, फार तर एका रात्रीचा असतो : भावनेची लाट सर्वांत उंच असताना असे काही करावयाचे नाही की ज्याने उद्याची स्थिती आजच्याहून बिघडेल. चेहऱ्यावर गार पाणी घेणे, श्वास सावकाश सोडणे, जोराने चालून येणे, राजीनामा लिहावासा वाटला तर तो लिहून सकाळपर्यंत कपाटात ठेवणे, असे हे साधे उपाय आहेत. लाट ओसरल्यावर तक्रार करावयाची की नाही, नोकरी सोडावयाची की नाही, हे सर्व मोकळेच राहते. ज्या घरात मारहाण होते तेथील स्त्रीला कोणी 'तणावसहन' शिकवून परत पाठवील, तर त्याने हा पाठ उलटा वाचला आहे असे खुशाल समजावे.

भावनानियमनातील एक पाठ उदाहरणादाखल घेऊ. त्याला 'उलट कृती' म्हणतात. प्रत्येक भावनेला एक ओढ असते : भीतीची ओढ पळण्याकडे, लाजेची लपण्याकडे, रागाची चाल करून जाण्याकडे. त्या ओढीप्रमाणे वागले की भावना त्या क्षणी शमते, पण पुढच्या वेळी ती अधिक बळावून येते. ज्या भीतीपासून माणूस एकदा पळाला, ती खरी होती की खोटी हे त्याला पाहावयासच मिळत नाही. आपल्या गोष्टीतील स्त्रीला कचेरीत मैत्रिणीने नमस्कार केला नाही. लगेच लाज, मग राग. पाठ सांगतो : आधी भावनेला नाव द्या. मग वस्तुस्थिती तपासा. मैत्रीण फोनवर होती काय? तिने इतरांना नमस्कार केला काय? वस्तुस्थितीशी भावना जुळत नसेल तर ओढीच्या नेमके उलट वागा. टेबलाशी तोंड लपवून बसण्याऐवजी उठून तिच्याकडे जा, सहज स्वरात चार शब्द बोला, आणि हे अर्धवट न करता पूर्णपणे करा. खाली मान घालून पुटपुटलेला नमस्कार म्हणजे उलट कृती नव्हे. वस्तुस्थितीशी भावना जुळत असेल, म्हणजे भीती खरोखरीच्या धोक्याची असेल, तर मात्र हा पाठ लागू नाही. तेथे भीतीचेच ऐकावे. आठवड्याचा गृहपाठ असा की, हे एकदा करून पाहावे व पानावर लिहून आणावे.

वर्गात सांगावयाचे ते एवढेच. 'नमस्कार झाला नाही, लाज वाटली, मी गेले, ती म्हणाली चहाला चल.' कोणी बालपण विचारीत नाही. किंबहुना स्वतःला इजा करून घेण्याच्या प्रसंगांचे वर्णन वर्गात करू नये, असा नियमच असतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी एखाद्यास त्यातून तीच ओढ लागू शकते. ते बोलणे खाजगी भेटीसाठी राखलेले असते. तेव्हा आईची चव्हाट्याची भीती या वर्गापुरती बरीचशी अस्थानी आहे. पूर्णपणे अस्थानी आहे असे मात्र म्हणवत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचे बंधन घातले आहे. शेजारी बसलेल्या सहाध्यायाने मात्र केवळ वचन दिलेले असते. लहान गावात, जेथे सर्व सर्वांना ओळखतात, तेथे हा विचार करणे युक्त आहे. अशा ठिकाणी आधीच चौकशी करावी की वर्गात आपल्या नात्यातले, शेजारचे किंवा कचेरीतले कोणी आहे काय. नाव न सांगताही उपचारकाला 'होय' किंवा 'वेळ बदलून घेऊ' एवढे सांगता येते.

आता, याने गुण येतो काय? २०१५ साली लिनेहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मार्मिक चाचणी प्रसिद्ध केली. या विकाराच्या व आत्महत्येचा धोका असलेल्या ९९ स्त्रियांचे तीन भाग केले. एका भागाला पूर्ण पद्धत, दुसऱ्याला वर्ग व देखरेख पण खाजगी उपचार नाही, तिसऱ्याला खाजगी उपचार पण कौशल्यवर्ग नाही. आत्महत्येचे प्रयत्न तिन्हींत कमी झाले. परंतु स्वतःला इजा करण्याचे प्रसंग आणि त्या वर्षातील औदासीन्य व चिंता यांत, ज्या दोन भागांना कौशल्ये शिकविली होती त्यांची सुधारणा तिसऱ्याहून अधिक होती. म्हणजे वर्ग हा उपचाराला जोडलेला अलंकार नसून त्याचे एक भार वाहणारे अंग आहे. त्याचबरोबर हेही विसरू नये की, तिन्ही भागांतील उपचारक आत्महत्येचा धोका ओळखण्यात व हाताळण्यात तरबेज होते. वर्ग एकटा सोडलेला नव्हता.

ज्यांना हा विकार नाही, पण भावना आवरत नाहीत व त्यासोबत चिंता किंवा औदासीन्य आहे, अशा ४४ प्रौढांवर सिॲटल येथे झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. सोळा आठवडे नुसत्या कौशल्यवर्गाची तुलना एका साध्या आधारगटाशी केली होती. भावना आवरण्यात व चिंतेत वर्ग सरस ठरला. औदासीन्यात तसा ठरला नाही. आणि गुण आला तो कौशल्ये जितकी वापरली गेली त्या मानाने आला. माझ्या मते निर्णयाची किल्ली येथे आहे. ज्याला आठवड्यातून पाच-सहा दिवस, दिवसाकाठी थोडा वेळ, त्या पानांवरचे करून पाहणे शक्य नाही, त्याच्या दृष्टीने वर्ग म्हणजे अडीच तासांचे व्याख्यान.

हीच पद्धत सर्वांत उत्तम, असाही समज नको. कॅनडात टोरोंटो येथे १८० रोग्यांवर झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अनुभवी मनोविकारतज्ज्ञांनी नीट आखून दिलेल्या सर्वसाधारण उपचारानेही वर्षभरात तितकाच गुण आला. ज्याच्या गावी कौशल्यवर्ग नाही पण आस्थेने व नियमाने पाहणारा डॉक्टर आहे, त्याने हळहळण्याचे कारण नाही.

उलट, ज्याला गरज नाही त्याला हे औषध पाजणे निरुपद्रवी असते असेही नाही. शाळांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ऑस्ट्रेलियात सुमारे एक हजार शाळकरी मुलांवर, सरसकट सर्व वर्गांना, ही कौशल्ये आठ पाठांत शिकवून पाहिली. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पाठ संपल्यावर मोजले असता, ज्यांना ते शिकविले त्यांची चिंता व औदासीन्य न शिकविलेल्यांपेक्षा अधिक दिसले, आणि आईवडिलांशी असलेल्या संबंधांतील बिघाड काही महिन्यांनंतरही राहिला होता. निरोग्याला आपल्या मनाची नाडी सारखी पाहावयास लावणे बरे नव्हे, असा एक तर्क यावर करता येतो. कारण काहीही असो, ज्याला बोलावणे आले आहे त्याने 'माझ्यात नेमके कोणते कौशल्य उणे आहे?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा आणि उत्तर सरळ मिळेपर्यंत विचारावा. ते उत्तर 'रागाच्या पहिल्या तासात काय करावे हे येत नाही' अशा स्वरूपाचे असेल तर वर्ग उपयोगी पडेल. दुःख आप्ताच्या मृत्यूचे असेल, थकवा थायरॉइडच्या विकाराचा असेल, किंवा भास होऊ लागले असतील, तर त्यावरील उपाय दुसरीकडे आहेत व ते आधी करावेत.

जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील त्याने तर पुढल्या बुधवारची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याने त्याच दिवशी डॉक्टरांना, घरच्या कोणा विश्वासू माणसाला किंवा १४४१६ या क्रमांकावर सांगावे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती रात्रंदिवस मिळते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांतून बोलता येते.

प्रवेशापूर्वी उपचारक सहसा एकदा स्वतंत्र भेट घेतात. ती भेट उमेदवाराची परीक्षा आहे असे समजून लोक अवघडून बसतात. वस्तुतः परीक्षा दोघांचीही असते. शिकविणाऱ्यांनी हे शिक्षण कोठे घेतले? वर्गाबाहेर, अडचणीच्या रात्री, कोणाला फोन करावयाचा? खाजगी उपचार दुसऱ्या डॉक्टरांकडे चालू असतील तर दोघे एकमेकांशी बोलणार काय? गैरहजेरीचा नियम काय? मूळ पद्धतीत सलग चार आठवडे न येणाऱ्याचे नाव त्या सत्रापुरते कमी होते, आणि ज्याला महिन्यातून दोनदा फिरतीवर जावे लागते त्याने हे आधीच सांगितलेले बरे. शुल्क पूर्ण सत्राचे आहे की आठवड्याचे, आणि मध्येच सोडल्यास काय? असे विचारल्याने रागावणाऱ्या उपचारकाकडे न गेलेले बरे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. असे वर्ग बहुशः मोठ्या शहरांत आहेत व त्यांतील बरेच इंग्रजीतून चालतात. रागाला इंग्रजी नाव देता येणे आणि राग ज्या भाषेत येतो त्या भाषेत त्याला ओळखणे, यांत अंतर आहे. मराठीत चीड, संताप, उद्वेग, त्रागा, रुसवा हे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाची ओढ वेगळी आहे. रुसलेला माणूस चाल करून जात नाही, तो जेवत नाही. गृहपाठ मराठीत लिहून आणण्यास परवानगी मागावी. नेपाळच्या दुर्गम जुमला जिल्ह्यात दहा स्त्रियांसाठी ही कौशल्ये स्थानिक भाषेत व स्थानिक उदाहरणांनी बसविण्याचा प्रयत्न झाला आहे. दहा म्हणजे फार थोड्या, त्यावरून निष्कर्ष काढता येणार नाही. पण हे भाषांतर शक्य आहे एवढे तरी त्यावरून दिसते. संगणकाच्या पडद्यावरून भरणारे वर्गही आता आहेत. त्यांच्या बाबतीत घराचा विचार करावा : दोन खोल्यांच्या घरात, पलीकडे सासूबाई भाजी निवडीत असताना, 'माणसांशी वागण्याची रीत' या विषयावर मोकळेपणाने बोलता येत नाही. काही जण गच्चीवर जातात, काही मैत्रिणीच्या घरी.

पहिले तीन-चार आठवडे बहुतेकांना वर्ग बालिश वाटतो. एवढ्या मोठ्या दुःखावर हे काय, श्वास मोजा आणि पानावर खुणा करा? या आठवड्यांत वर्ग सोडण्याचा निर्णय करू नये. डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवावे की आठ किंवा दहा आठवड्यांनी वह्या घेऊन बसू आणि पाहू : राजीनाम्यासारखे प्रसंग किती आले, त्यांतले किती टळले, आणि टळले ते कशाने. टळलेल्या प्रसंगाची खूण बाहेर कोठेच राहत नाही, म्हणून तो वहीत असावा लागतो. वर्षाच्या उत्तरार्धात तीच चोवीस आठवड्यांची पाने पुन्हा पहिल्यापासून निघतात, आणि त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर नुकताच आलेला, हात छातीशी घट्ट बांधून बसलेला कोणीतरी असतो. जुने सहाध्यायी त्याला आपली वही दाखवितात.